एका हाताची धवळी

चावी एकदाच फिरायची आणि गाडी चालू व्हायची. समोरच्या अंगणातून तो आवाज आला की साहेबरावांच्या हातातला चहा कडू व्हायचा. योगिनी चितेगावच्या कंपनीत पहिल्या पाळीला निघायची आणि साहेबराव मुद्दाम त्याच वेळेला फाटकाशी येऊन उभे राहायचे. आज तरी अडेल, आज तरी ठसकेल, एवढीच आशा. पण ती बया काही अडायचं नाव घेत नव्हती.

बया म्हणजे योगिनी नव्हे, गाडी. योगिनीशी साहेबरावांचं भांडण नव्हतं. म्हणजे असं ते स्वतःला सांगायचे.

साहेबराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. शेती बिडकीनकडं, भाऊ बघतो. घर पैठण रोडला नक्षत्रवाडीत. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नाद म्हणाल तर एकच, ही पांढरी, छोटी, चोक ओढायच्या जमान्यातली गाडी. घरात कधीकाळी धवळी नावाची गाय होती, तिचं नाव त्यांनी हिला दिलं. रविवार आला की बनियनवर बोनेटात डोकं घालून बसायचे. प्लग काढ, पूस, लाव, तेल बदल, बॅटरीच्या टोकांवरची बुरशी गरम पाण्यानं धू. गॅरेजवाल्याला त्यांनी धवळीच्या अंगाला बोट लावू दिलं नाही, आणि हे ते लग्नाकार्यात पंगतीला बसल्यावरही सांगायचे.

धवळीची खोड अशी, की ती साहेबरावांशिवाय कुणाकडून चालू व्हायची नाही. चोक पुरता ओढायचा, ॲक्सिलरेटरवर पाय तीनदा दाबायचा, जरा दम धरायचा, डॅशबोर्डवर एक थाप मारायची आणि मग चावी. मेहुणे नानासाहेब एकदा मोठ्या तोऱ्यात बसले आणि घामाघूम होऊन उतरले. साहेबराव हसत आत बसले, थाप मारली, आणि धवळी बोलली. "गाय कशी एकाच हाताला पान्हा सोडती? तसंच हाय हे," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांना दोन घास जास्त गेले.

डावीकडची काच मात्र वरच अडकलेली होती. सरूबाई, त्यांची बायको, भर मे महिन्यात बिडकीनपर्यंत घामानं निथळत जायची. तिनं काही म्हटलं की यांचं ठरलेलं उत्तर, "माझ्याकडची उघडी हाय की. येतंय ना वारं?"

मग गुडघ्यानं दगा दिला. क्लच दाबला की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. गाडी दारात सडवण्यापेक्षा गल्लीतच राहील म्हणून समोरच्या बानाबाईच्या पोरीला विकली. बानाबाईनं उभा जन्म मेंढरांमागं काढलेला, आता ओट्यावर बसून असते. पोर योगिनी कंपनीत सुपरवायझर. साहेबरावांनी तिला चोकाची, पायाची, थापेची सगळी रीत शिकवली. तिला जमेना. साहेबराव वरून चुकचुकले, आतून गार झाले.

"नाय जमलं तर हाक मार बाई. मी समोरच हाय."

तिनं हाक मारलीही. आठवडाभर रोज. साहेबराव डॉक्टरच्या थाटात रस्ता ओलांडून जायचे, थाप मारून गाडी चालू करून द्यायचे आणि परत येऊन दुसरा चहा मागायचे. गाडी विकूनही गाडी आपलीच, यापेक्षा माणसाला आणखी काय पाहिजे? पण सुख लई टिकलं नाही.

सुट्टीच्या दिवशी योगिनीनं बोनेट उघडलं. वायपरला मोबाइल टेकवला, त्यात कुणीतरी गाडी खोलून दाखवत होतं. ती बघायची, थांबवायची, पाना लावायची, पुन्हा बघायची. साहेबराव पेपर उलटा धरून बसले असते तरी त्यांना कळलं नसतं. आता काहीतरी मोडते, आता रडत येते, असं म्हणता म्हणता ऊन कललं. आणि मग तो आवाज आला. एका चावीत, ना चोक ना थाप.

थोड्या वेळानं ती हात पुसत आली. हातात बोटभर जाडीचा रबरी नळा होता. "काका, हे बघा. हा फाटलेला होता, वरून कुणीतरी चिकटपट्टी गुंडाळलेली. इथनं इंजिन फालतूची हवा ओढत होतं, म्हणून चालू व्हायला एवढा जाच."

कुणीतरी! साहेबरावांनी ती काळी पट्टी लगेच ओळखली. किती वर्षं झाली, बिडकीनच्या रस्त्यावर गाडी बंद पडली होती, तेव्हा त्यांनीच तात्पुरती गुंडाळली होती, घरी गेल्यावर नळा बदलू म्हणून. बदलायचं राहिलं. तिथून धवळी अडायला लागली आणि तिथूनच ती थापेची विद्या सुरू झाली. म्हणजे इतकी वर्षं मिरवली ती करामत नव्हती, स्वतःच करून ठेवलेलं दुखणं होतं.

"असंल कुण्या मेकॅनिकचं काम," साहेबराव म्हणाले. दारात उभ्या सरूबाईनं हे ऐकलं. गॅरेजवाल्याला बोट लावू दिलं नाही, हे तिनं पंगतीपंगतीत ऐकलेलं होतं.

त्यानंतर त्यांचा जळफळाट उघडाच पडला. "आवाज बारीक झालाय तिचा." "पिकअप गेला." येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचे. आपली म्हैस दुसऱ्याच्या दावणीला जास्त दूध द्यायला लागावी, तसं झालं होतं. रात्री अंथरुणावर पडलं तरी तो नळाच डोळ्यांपुढं यायचा.

आणि गुरुवारी कळस झाला. सरूबाई छावणीच्या आठवडी बाजाराहून आली ती धवळीतून, योगिनीच्या शेजारी बसून, केस विस्कटलेले आणि चेहरा खुललेला.

"काच खाली येती आता," ती पिशवी ठेवत म्हणाली. "पोरीनं दार खोलून नीट केली."

"रिक्षानं जायला काय झालं होतं?"

"तुमच्यासंगं घामानं भिजत बसले तवा बरं होतं. आता जरा वारं खाल्लं तर तुमच्या पोटात दुखाया लागलं व्हय?"

दुखतच होतं. गाडी गेली ती गेली, आता बायकोही तिकडची झाली, असं त्यांना वाटलं. भाजीत मीठ नाही म्हणून त्यांनी ताट सरकवलं. मीठ होतं.

दसरा आला. योगिनी सकाळीच गाडीतून जाऊन झेंडू घेऊन आली, धवळीला धुतलं, हार घातला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. गल्ली जमली. तेव्हा बानाबाई ओट्यावरून म्हणाली, "पयला मान साहेबरावांचा. त्यांनी जतन केली म्हणून आपल्याला मिळाली. त्यांच्या हातानं लिंबू फुटू द्या."

साहेबरावांनी इस्त्रीचा सदरा घातला, टोपी नीट केली आणि छाती काढून रस्ता ओलांडला. सीट पुढं ओढलेली होती, गुडघा स्टिअरिंगला लागला. लागू दे. स्टिअरिंगवर हात ठेवला. माझा हात विसरली नसेल, एवढंच मनात होतं.

"काका, गरम हाय इंजिन. नुसती चावी फिरवा," योगिनी खिडकीशी वाकून म्हणाली.

त्यांनी ऐकलं. पण ऐकेस्तोवर हातानं चोक पुरता ओढला होता. पाय तीनदा दाबला गेला. दम धरला, थाप मारली, चावी फिरवली. धवळी नुसती खरखरली. पुन्हा पाय, पुन्हा थाप, पुन्हा खरखर. पेट्रोलचा भपका आला, गाडी मात्र चालू होईना.

"साहेबराव, तुमच्या हातची ना ती?" मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-चौघं हसले.

योगिनी हसली नाही. तिनं आत हात घालून चोक हळूच बंद केला. "पेट्रोल जास्त गेलंय. जरा दम खाऊ द्या तिला."

साहेबरावांनी स्टिअरिंगवरचा हात काढला. मग दार उघडून उतरले. लोकांना वाटलं, घरी चालले. ते गाडीला वळसा घालून डावीकडच्या सीटवर जाऊन बसले.

"तूच घे," ते म्हणाले.

योगिनीनं त्यांच्या जागी बसून, थोडं थांबून, पाय पुरता दाबून धरला आणि चावी फिरवली. धवळी चालू झाली. पुढं सरकली, लिंबं फुटली, नारळ फुटला. तेवढ्यात सरूबाई आरतीचं ताट बानाबाईकडं देऊन मागच्या सीटवर चढली, कोपऱ्यापर्यंत चक्कर मारायला. ऑक्टोबरचं ऊन टपावर तापत होतं.

"काच करा की खाली," ती म्हणाली.

साहेबरावांनी दारावर हात फिरवला. हँडल सापडेना. इतक्या वर्षांत या बाजूला ते एकदाही बसले नव्हते.

सरूबाईनं मागून हात घालून त्यांची बोटं नेमकी हँडलवर ठेवली. तिला बघावंही लागलं नाही. अडकलेल्या काचेचं ते हँडल तिनं बिडकीनपर्यंत किती वेळा फिरवून बघितलं होतं.