तानाबाईच्या हातचा भंडारा

तानाबाई मेटकरीच्या तोंडी लागायचं नाही, हे सांगोल्याकडच्या त्या वस्तीवरच्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं. पासष्टी ओलांडलेली, नवरा कधीच गेलेला, पण पाठीचा कणा ताठ. तीस मेंढ्या आणि नऊ शेळ्या एकटी राखायची. ग्रामसेवकाला तिच्या दारात जायचं असलं की तो आधी लांबूनच खाकरायचा. बँकेतल्या एका साहेबाला तिने भर रांगेत विचारलं होतं, की बाईमाणसाशी कसं बोलायचं हे तुझ्या आईनं शिकवलं नाही का. तिच्याबद्दल कुणी मायेने बोलत नसे, आणि तिला त्याची फिकीरही नव्हती.

ती आधी अशी नव्हती म्हणतात. लोक काय, काहीही म्हणतात. खरं एवढंच, की मोठ्या दुष्काळाच्या साली तिचा एकुलता एक मुलगा सिद्धराम मारला गेला, आणि मारणारा कुणी परका नव्हता. भावकीतला धुळा. लहानपणी तिच्याच चुलीपुढे बसून गरम भाकरी खाल्लेला. मेंढरांना पाणी आधी कुणी पाजायचं यावरून त्या दोघांत आठवडाभर धुसफूस चालली होती. एका दुपारी टँकरने भरलेल्या हौदापाशी धुळ्याने सिद्धरामच्या डोक्यात काठी घातली. बघायला तिसरं माणूस नव्हतं. कोर्टात धुळा म्हणाला, सिद्धराम कुऱ्हाड घेऊन माझ्या अंगावर धावला, मी जीव वाचवायला मारलं. कोर्टाने ते मानलं. जन्मठेप व्हायची ती दहा वर्षांवर आली.

शिक्षा दहाच वर्षांची, हे दुःख तानाबाईला होतंच. पण खरी आग वेगळीच होती. पोरगं मेलं ते मेलं, वर त्याच्याच नावावर भांडण चढलं. टाळी एका हाताने वाजत नाही, असं जो तो म्हणायला लागला. सून विजयमाला वर्षभर टोमणे सोसत राहिली आणि मग नातेपुत्याला माहेरी गेली ती परतलीच नाही. आता तानाबाईला उरलेल्या आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. माझा सिद्धा कुणाच्या अंगावर धावला नव्हता, हे धुळ्याच्या तोंडून वस्तीसमोर ऐकायचं.

आणि या हट्टाच्या बुडाशी एक भीती होती, ती तिने कुणाला सांगितली नव्हती. सिद्धराम तिच्यावरच गेला होता, राग नाकाच्या शेंड्यावर. रानात एकटी असली की मनात यायचं, धावला असेल का? मग स्वतःचीच चीड येऊन ती जवळच्या मेंढीला यथेच्छ शिव्या घालायची. मेंढ्या बिचाऱ्या ऐकून घ्यायच्या.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला धुळा सुटून आला. तुरुंगात सुतारकाम शिकला होता, अंगाने भरला होता, आणि बोलताना आधी ‘नमस्कार’ म्हणायचा. माझा पोरगा मातीत गेला, आणि ह्याला सरकारनं पोसून, शिकवून, अंगावर मांस चढवून परत पाठवला, असं तानाबाईने पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून सगळ्यांना सुनावलं. शिक्षा म्हणजे शिक्षा पाहिजे, म्हणाली. लग्नाआधी नवरदेवाला केळवण घालतात तसली नको.

तुरुंगात माणूस सुधारतो की नाही, यावरून वस्तीत दोन तट पडले. ज्यांची दारं-खिडक्या धुळ्याने फुकटात दुरुस्त करून दिली होती, त्यांच्या मते तो लगेच सुधारला होता. ज्यांची दारं धड होती, त्यांना अजून शंका होती.

पण दारं दुरुस्त करून तो भावकीच्या ओळीत परत बसणार नव्हता. ज्याच्या हातून माणूस गेलं, त्याला परत घ्यायचं तर मेलेल्याच्या घरच्या थोरल्या माणसाने बिरोबापुढे त्याच्या कपाळाला भंडारा लावावा लागतो. देवाची हळद ती. तोवर त्याची मेंढरं कुणी आपल्या कळपात घेत नाही, पावसाळ्यात चरायला निघताना कुणी त्याला हाक मारत नाही. कायद्याने वाळीत टाकणं गुन्हा आहे, हे वस्तीला पक्कं माहीत. पण मला कुणी हाक मारली नाही, अशी तक्रार पोलिसात कशी लिहून द्यायची? धुळ्याची मेंढरं एकटी चरत होती, आणि त्याची म्हातारी आई तानाबाईचं घर टाळून लांबच्या वाटेने पाण्याला जात होती.

मग सोलापूरहून प्रतीक्षा मॅडम आल्या. सुटून आलेल्या कैद्यांना पायावर उभं करणाऱ्या संस्थेतल्या. वयाने तिशीतल्या, बोलायला मऊ. माणूस नुसता डांबून ठेवला तर तो अधिक बिघडून बाहेर येतो, शिकवला तर पुन्हा कुणाचं घर उजाडत नाही, असं त्यांनी समजावलं. मुद्दा खोटा नव्हता. तानाबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतला, हेच मोठं. मग तिने विचारलं, की पुढचं घर वाचतं ते बरंच झालं, पण जे उजाडलं त्याचं तुमच्या फायलीत काय हाय? मॅडमनी फाईल उघडली नाही. पाणी मागून प्यायल्या आणि गेल्या.

त्यानंतर वस्तीतला सगळ्यात थोरला, देवाची पूजा करणारा येडूआबा रोज येऊन बसायला लागला. पोरगा तर परत येत नाही, धुळ्याची आई आता किती दिवसांची, देव कोपेल, असं त्याचं एकेक चालू. दहाव्या दिवशी तानाबाई म्हणाली, येत्या रविवारी येते. हात माझा हाय, तो कुणाच्या कपाळाला लागंल ते मी तितंच ठरवीन.

रविवारी सकाळी देवळापुढच्या लिंबाखाली सगळी वस्ती जमली. मॅडमही आल्या होत्या. येडूआबाने भंडाऱ्याचं ताट तानाबाईपुढे धरलं. तिने मूठ भरून घेतली आणि समोर बसलेल्या धुळ्याला बोल म्हणाली.

धुळा हात जोडून उभा राहिला. माझ्या हातून घडलेल्या कृत्याचा मला मनापासून पश्चात्ताप झाला आहे, यापुढे मी जबाबदार नागरिक म्हणून जगेन, असं तो न अडखळता बोलला. दोघा-चौघांनी माना डोलावल्या.

“ह्ये कुटं शिकलास?” तानाबाईने विचारलं.

तुरुंगात वर्ग असायचा, धुळा म्हणाला. किती जण होते त्या वर्गात, असं तिने विचारलं. चाळीसेक, तो म्हणाला.

“मंजी चाळीस मड्यांना मिळून एकच माफी. ती मला नगं. मला एकच सांग. माजा सिद्धा कुऱ्हाड घिऊन तुज्या अंगावर आला व्हता का? देवाम्होरं सांग.”

मॅडम पुढे झाल्या. कोर्टात जे झालं ते झालं, इथे त्याने काही बोललंच पाहिजे असं नाही, असं त्या धुळ्याला म्हणाल्या. येडूआबाही म्हणाला, ताने, जुनं उकरू नकोस. तानाबाईने दोघांकडे बघितलंसुद्धा नाही.

धुळ्याचे जोडलेले हात सुटले. मग खाली मान घालून तो बोलला, तेव्हा त्यात वर्गातलं काही नव्हतं.

“न्हाय काकू. कुऱ्हाड त्यानं बाभळीला टेकवली व्हती. त्यो हौदावर वाकून पानी पीत व्हता. मी मागनं आलो. त्यानं मला बगितलं बी न्हाय.”

ज्यांची दारं दुरुस्त झाली होती, त्यांनी धुळ्यावरची नजर काढून घेतली. त्याच्या आईने पदर तोंडाला लावला. आणि तानाबाई, जी इतक्या वर्षांत कुणासमोर रडली नव्हती, तिचा चेहरा एकदम उजळला. ऐकलं का, असं ती एकेकाचं नाव घेऊन विचारत सुटली. टाळी एका हाताने वाजत नाही म्हणणाऱ्यांना तर तिने उभं राहायला लावून विचारलं. पोरगा जिवंत होऊन आल्यासारखा आनंद होता तो, आणि तो तिला पुरता भोगूही दिला नाही तिच्याच जिभेने. कारण तिथे थांबेल ती तानाबाई कसली.

“मग एवडं मोटं लबाड तुला सुचलं कसं?” तिने विचारलं. “कोर्टानं तुजं ऐकलं तरी कसं?”

दोनदा विचारल्यावर धुळा म्हणाला, “मला न्हाय सुचलं. वकिलाला बी पयल्यांदा काय सुचत नव्हतं. मग तुमी साक्षीला आला. त्यानं तुमाला इचारलं, आजी, सिद्धराम घरनं निगाला तवा त्याच्याजवळ कुऱ्हाड व्हती का.”

तानाबाईला आठवलं. न आठवायला काय झालं? काळा कोट घातलेला, गोड बोलणारा वकील होता. शेळ्यांना पाला पाडायला कुऱ्हाड तर जन्मल्यापासून खांद्याला असते, आणि हा शहाणा तीच विचारतोय, म्हणून ती फणकाऱ्याने म्हणाली होती, की धनगराच्या पोराच्या खांद्यावर कुऱ्हाड नसंल तर काय छत्री आसंल? घरातनं बिनकुऱ्हाडीचा त्यो कदी निगालाच न्हाय. अख्खं कोर्ट हसलं होतं. वकीलही हसला होता आणि खाली बसला होता. आपण काळ्या कोटवाल्याची जिरवली, हे तिने पुढे कितीतरी दिवस वस्तीवर घोळवून घोळवून सांगितलं होतं. त्या सगळ्या खटल्यात तेवढीच एक गोष्ट तिला गोड लागली होती.

“त्याच येळी त्यानं मला सांगितलं,” धुळा म्हणाला, “की आता तू वाचलास. त्याच्या आईच्या तोंडनं आलंय, हत्यार घिऊन निगाला व्हता म्हनून. आता तू फकस्त म्हन, त्यो धावला.”

येडूआबा चाचरत म्हणाला, ताने, पोरगं खरं बोललंय, आता लाव. तानाबाईने मूठ उघडली. घामाने हळद तळहाताला चिकटली होती.

“तुला मी मरस्तोवर माफ करनार न्हाय,” ती धुळ्याला म्हणाली. आवाज नेहमीसारखा करडा होता, फक्त हळू. मग ती येडूआबाकडे वळली आणि पिवळा हात त्याच्यापुढे केला.

“ह्यानं पोरगं मारलं, त्याचं नाव माज्या जिभेनं मारलं. रीत मला ठावं हाय, आबा. ज्याचं मानूस गेलं, त्याच्या घरच्यानं लावायचा. मग सांगा, माज्या कपाळाला लावायला सिद्धाच्या घरचं आता कोन ऱ्हायलंय?”