आतल्या माणसाला दिसलेली चूक

हे जग खरं नसून कुणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये चालणारा प्रोग्रॅम असेल, ही बातमी मला बोईसरला, औषधाच्या एका दुकानाच्या माडीवर कळली. नव्वद सालाच्या पुढचे-मागचे दिवस. बारावी होऊन मी सहा महिन्यांच्या कॉम्प्युटर क्लासला जात होते. एसीची खोली, चार मशीन, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. देवळात जावं तशा चपला बाहेर काढूनच आत जायचं. सर घाटावरचे, चष्मेवाले. बोलायला लागले की घड्याळ विसरायचे.

एके दिवशी सरांनी पडद्यावर एक ठिपका सोडला. तो इकडून तिकडे जायचा, कडेला आपटून परत फिरायचा. सर म्हणाले, "याला वाटत असेल, मी माझ्या मनानं चाललोय. याला मशीन दिसत नाही, मी दिसत नाही. आता मला सांगा, तुम्ही असेच ठिपके नाही कशावरून? बाहेर कुणीतरी रन दाबून बसलं असेल. आणि एक लक्षात ठेवा, आत राहणाऱ्याला प्रोग्रॅममधली चूक कधीच दिसत नाही. ती बाहेरच्यालाच दिसते."

वर्ग खो खो हसला. मी नाही हसले. मला तर ती आनंदाची बातमी वाटली. मी दांडीची, बोईसरजवळच्या मच्छीमारांच्या गावातली. बाप होडीवर, आय मासळी सुकवणार आणि टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात बसणार. मासेवालीच्या मुलीनं मासेच विकायचे, हे माझ्या जन्माच्या आधीच ठरलेलं. पण ते ठरलेलं म्हणजे कुणीतरी लिहिलेली एक ओळच असेल, तर ओळ बदलता येते. मी रोज तेच करत होते की मशीनवर.

त्यानंतर महिनाभर मी जगाच्या चुका शोधत फिरले. एसटीचा कंडक्टर रोज त्याच वळणावर तेच वाक्य म्हणायचा, तेव्हा मला वाटायचं, सापडली. मी आयला सांगितलं. ती बोंबील टांगत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "मंग त्या चालवनाऱ्याला सांग, जरा वारा सोड. दोन दिस झाले, बोंबील सुकत नाय." माझं डोकं सणकलं. एवढा मोठा विचार घेऊन यावं आणि घरात त्याची ही किंमत.

शेवटच्या महिन्यात सरांनी जाहीर केलं की परीक्षेला एका कारखान्यातले साहेब येणार. प्रत्येकानं स्वतःचा प्रोग्रॅम दाखवायचा, आणि सातजणांतून एकाला साहेब ऑपरेटर म्हणून घेणार. बाकी सहांना या नोकरीवाचून काही अडणार नव्हतं. मला अडणार होतं. बापानं क्लासला पाठवतानाच सांगितलं होतं, नोकरी लागली तर बरं, नाहीतर पुढच्या महिन्यापासून आयच्या शेजारी बाजारात बसायचं. त्याच बाजारात, जिथं माझ्या कॉलेजातल्या मुली आयांबरोबर पापलेटाचा भाव करायला यायच्या. मला बाजाराची लाज वाटायची. खरं सांगायचं तर आयचीच लाज वाटायची. आता हे लिहायचीही लाज वाटते, पण होतं ते असं होतं.

मी ठरवलं, आपली अख्खी दांडीच मशीनमध्ये घालायची. खाडी, खाडीत चढणारं-उतरणारं पाणी आणि त्या पाण्यावर आत-बाहेर करणाऱ्या होड्या. भरतीची वेळ काढायची रीत मला लहानपणापासून पाठ. अमावास्येपासून किंवा पुनवेपासून कितवी तिथी ते बघायचं आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता पाणी भरणार, अष्टमीला सहा वाजता. आय हे बोटांच्या पेरांवर करते. मी ते बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलं. तारीख घातली की मशीन अमावास्येपासूनचे दिवस मोजायचं, तिथी ठरवायचं, वेळ दाखवायचं. हिरवं पाणी वर चढायचं आणि बारक्या रेघांच्या होड्या खाडीत शिरायच्या. एक पंधरवडा मी खऱ्या पाण्याशी ताडून पाहिलं. तंतोतंत. सर म्हणाले, "वा, तू तर जगच केलंस." मी आठवडाभर जमिनीवर नव्हते.

घरी मात्र आयला बजावून ठेवलं, परीक्षेला यायचं नाही. म्हणजे बोलताना म्हटलं, "तिथं बाहेरच्यांना सोडत नाहीत." आय फक्त "बरं" म्हणाली.

परीक्षेच्या दुपारी माझा नंबर शेवटचा. तीन वाजायला आले होते. साहेब खुर्चीत मागे रेलून बसले होते, तीन पगारपत्रकं आणि तीन रेल्वे आरक्षणं बघून कंटाळलेले. मी तारीख घातली. पाणी चढायला लागलं तसे ते पुढे झुकले. खाली आकडा आला, तो मी मोठ्यानं वाचला, पावणेचार. होड्या सुळकन खाडीत. साहेब म्हणाले, "हे काहीतरी वेगळं आहे."

तेवढ्यात मागून आवाज आला. "पावनेचारला? गाळात बसतील सगळ्या."

दारात आय. टोपली बाहेर ठेवलेली, अनवाणी, लुगड्याचा काठ भिजलेला. शिपायानं विचारलं तर म्हणाली, "सरांना म्हावरं द्याया आले." सर कट्टर शाकाहारी. ते गोंधळून उभे राहिले, मुलं फिदीफिदी हसायला लागली. एकानं मला कोपरानं ढोसून विचारलं, "तुमच्याकडची आहे का गं ही मावशी?"

मी ऐकू न आल्यासारखी पडद्याकडे बघत राहिले. आणि आयनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. कुणी परकी पोर बसली असावी तशी ती माझ्या डोक्यावरून साहेबांशी बोलत होती. तिला सगळं कळलं होतं आणि ती मला सांभाळून घेत होती.

साहेबांना मजा वाटली. "काय चुकलं, बाई?"

"वेळ चुकली. आज पानी साडेचारला भरतंय."

सर म्हणाले, "अहो मावशी, हे कॉम्प्युटरनं काढलंय." जसं काही त्यापुढे बोलणंच खुंटलं. आय कसली ऐकते. कोपऱ्यात वर्तमानपत्र पडलं होतं. तिला वाचता येत नाही, पण पेपरात भरतीची वेळ छापतात हे तिला ठाऊक. "त्यात बघा," म्हणाली. साहेबांनी पाहिलं. मुंबईची भरती चार वाजून गेल्यावरची होती.

"मुंबईला आधी भरतं, मंग आमच्याकडं येतं," आय म्हणाली. "ही पोर तर आमच्याकडं मुंबईच्याबी आधी भरवते. कसं भरंल? या पंधरवड्यात तीज आलीच नाय. बीज झाली की लगेच चवथ. आज पाचवा दिस, पन तिथी सहावी."

क्षय तिथी! दर महिना-दोन महिन्यांत एखादी तिथी गळते, हे दांडीचं शेंबडं पोरही सांगेल. दर्यावरची मी, आणि मशीनसमोर बसल्यावर मला वाटलं की तिथ्या एक ते पंधरा अशा शिस्तीत रांगेत येतात. मी ताडून पाहिलेल्या पंधरवड्यात एकही गळली नव्हती, म्हणून सगळं तंतोतंत आलं होतं. नोकरी हातातून निघाली होती, आणि ती घालवली कुणी, तर माझ्या आयनं, म्हणून मी आतल्या आत तिच्यावर जळत होते. पुढच्या क्षणाला स्वतःवर जळायला लागले. कारण ती खरं बोलत होती.

"साहेब, दहा मिनिटं द्या," मी म्हटलं.

त्यांनी दिली. मी दिवस मोजायच्या ओळी उडवल्या. तिथी आधी विचारून घ्यायची, मग पाऊणपट. डोकं इतकं लख्ख कधी चाललं नव्हतं. टाइप करता करता मला सरांचं ते वाक्य आठवलं आणि हसू आलं. आत राहणाऱ्याला चूक दिसत नाही म्हणे. अहो सर, हे जग कुणाचा प्रोग्रॅम असेलही. असू दे की. त्याची ओळ न् ओळ माझ्या आयला तोंडपाठ आहे. गळलेली तिथीसुद्धा. तिनं शाळा पाहिली नाही, मशीन पाहिलं नाही, पण चालवणारा कुठं काय करतो ते तिला पेरांवर मोजता येतं. आणि मी जगाच्या चुका शोधत एसटीतून हिंडत होते.

मी सहा हा आकडा घातला. पाणी चढलं. साडेचार. होड्या खाडीच्या तोंडाशी थांबल्या आणि पाणी पुरेसं झाल्यावर शिस्तीत आत आल्या. आय दारातूनच म्हणाली, "हां. आता आल्या बरोबर." आणि बाहेर गेली, कारण आमची होडीही साडेचारलाच येणार होती.

साहेबांनी पेपरची घडी घातली. "सात प्रोग्रॅम बघितले," ते म्हणाले. "चूक दाखवल्यावर तोंड वाकडं न करता उभ्या उभ्या दुरुस्त करणारी ही एकच. एक तारखेपासून ये." सरांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. साहेबांनी जाता जाता विचारलं, "हा पाऊणपटीचा हिशेब कुठल्या पुस्तकात मिळाला तुला?"

पुस्तकाचं नाव सांगणं सोपं होतं. कुणी तपासायला येणार नव्हतं. उघड्या दारातून मला आय दिसत होती. टोपली कमरेवर घेऊन, वाकून, पायानं चपला चाचपत होती. टाळ्या तिनं ऐकल्या असणारच. तरी तिनं वळून पाहिलं नाही, चुकून कुणाला कळू नये म्हणून. मी अशी उठले की खुर्ची मागे कलंडली.

"पुस्तकात नाय, साहेब. माज्या आयनं शिकवला. ती चपला घालते ना, ती माजी आय हाय."

आय एका पायात चप्पल घालून तशीच थांबली. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग साहेबांकडे, बाजारात भाव सांगावा तशी ताठ मानेनं.

"पोर हुशार हाय माजी," ती म्हणाली. "तिथ्या तेवढ्या विसरते."