भिंतीचं ऐकून घेणारे काका

भिंतीशी बोलणारी माणसं मी पाहिलीत, पण भिंतीचं ऐकून घेणारा माणूस अख्ख्या आयर्लंडमध्ये एकच, आणि आमचं नशीब की तो आमच्या दारात आला. त्यांचं नाव मला धड उच्चारता येत नाही, म्हणून मी त्यांना भिंतीवाले काका म्हणते. सत्तरीचे, उंच, वाकलेले, तोंडावर एकावर एक दोन मास्क. घरात शिरले की माणसांकडं बघायच्या आधी भिंतीकडं बघणार, आपण कलिंगड वाजवून बघतो तसं बोटानं टकटक करणार, मग कान लावणार, मग मास्क खाली ओढून वास घेणार. माझी दोन वर्षांची ओवी पहिल्या दिवशी भोकाड पसरून रडली, आणि दुसऱ्या वेळी स्वतःच शेजारच्या भिंतीला कान लावून उभी.

ते आले कसे ते सांगते. दोन हजार एकवीसच्या जानेवारीत, कोरोनाच्या दिवसांत, अशी थंडी पडली की माळ्यावरचा पाण्याचा पाइप फुटला. आमचे हे ॲथलोनला कंपनीत ड्युटीवर, घरात मी आणि ओवी, आणि ओवीच्या खोलीच्या छतातून धो धो पाणी. मी दहावी शिकलेली, पाणी बंद करायचा कॉक कुठं आहे तेही मला ठाऊक नाही, मी पोरीला काखोटीला मारलं आणि काय केलं, तर व्हिडिओ काढून बार्शीला आईला पाठवला, जसं काय आई तिथून येऊन बंद करणार होती! शेवटी ह्यांनी फोनवरून सांगितलं तेव्हा कॉक सापडला.

मग इन्शुरन्स कंपनीचा फोन आला, परवा आमचा माणूस बघायला येईल. आता माणूस घरी येणार म्हणल्यावर कुठली बाई घर तसंच ठेवेल? मी दोन दिवस पाठ टेकली नाही. ओला गालिचा कापून काढला, भिंती पुसल्या, छताचे डाग स्टुलावर चढून ब्लीचनं घासले, वर उदबत्ती लावली. तो माणूस आला, कसं काय म्हणाला, मी म्हणलं, ऑल ग्रँड, इथं सगळं झकास असलं की असंच म्हणतात. पाच मिनिटांत गेला आणि पत्र आलं, फक्त रंगाचं काय ते देऊ.

पण ओल आत होती ना. ओवीची छाती घरघरायला लागली, डॉक्टर म्हणाले पोरीला त्या खोलीत अजिबात ठेवू नका. आम्ही तिघं किचनमध्ये गाद्या टाकून झोपायचो, नवं छत करायची आमची ऐपत नव्हती, आणि मला सारखं वाटायचं, माझ्याच हातानं मी माझ्या पोरीची खोली पुसून टाकली.

ह्यांच्या कंपनीतल्या एकानं काकांचा नंबर दिला. म्हणाला, आलेला माणूस इन्शुरन्सवाल्यांचा होता, हा घरवाल्यांच्या बाजूनं बघतो, क्लेम मिळाला तरच त्यातला हिस्सा घेतो.

काकांनी सगळं ऐकलं. "तू साफ केलंस?"

"हो."

"सगळं?"

"उदबत्तीपण लावली."

काका जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. "मिसेस, चाळीस वर्षांत लोकांनी पुरावा फेकलेला बघितलाय, जाळलेला बघितलाय. पुराव्याला सुगंध आणलेला पहिल्यांदाच."

मला रडूच फुटलं. काकांनी टोपी काढली, परत घातली, आणि सरळ परसात गेले. कचरागाडीवाल्यानं गालिचा नेला नव्हता, तो काळ्या पिशव्यांत तसाच पडलेला. हा सत्तरीचा माणूस पावसात गुडघ्यावर बसून पिशव्या सोडतोय, तुकडे कापतोय, प्रत्येकावर पेन्सिलीनं चिठ्ठी लावतोय. मी चहा नेला तर म्हणाले, कामावर असताना मी कुणाच्या घरचं पीत नाही, आणि गाडीत बसून स्वतःच्या थर्मासमधला गार चहा प्याले.

मग विचारलं, फोटो? मी म्हणलं, व्हिडिओ होता, फोन भरला म्हणून मीच डिलीट केला. काकांनी डोळे मिटले. तेवढ्यात मला आठवलं, आणि मी आईला फोन लावला.

"अगं हाय की," आई म्हणाली, "आख्ख्या भावकीला धाडलाय मी. जावयाचं घर बुडालं म्हणून सदतीस जणांनी बघितलाय. आन् त्या दादांना सांग, माझ्या लेकीला भांडता येत न्हाई, तुमी भांडा."

मी मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं. काकांनी फोनमधल्या आईला टोपी काढून नमस्कार केला. "आईला सांग, मी भांडत नाही. मी फक्त हलत नाही."

काकांनी कंपनीला कळवून त्या इन्शुरन्सवाल्याला परत बोलावलं. तो यायच्या दिवसासाठी मला तीन गोष्टींची बंदी घातली, घर आवरायचं नाही, चहा विचारायचा नाही आणि ग्रँड म्हणायचं नाही. पण ते तासभर आधी आले तर माझ्या हातात फरशी पुसायचा मॉप! त्यांनी तो काढून घेतला, आपल्या गाडीच्या डिकीत ठेवला आणि कुलूप लावलं.

तो माणूस आला, म्हणाला, कोरडं तर दिसतंय. काकांनी छताला ओल मोजायचं यंत्र लावलं, ते केकाटायलाच लागलं. मग तो व्हिडिओ दाखवला, गालिच्याचे तुकडे मांडले, आणि विचारून छताला हाताएवढं भोक पाडलं. आतला थंडी अडवायचा कापूस काळा, चिंब, लोंबत खाली आला आणि बदकन त्या माणसाच्या बुटावर पडला. काका एवढंच म्हणाले, "बघा." आणि खरंच हलले नाहीत, तो सगळं लिहून घेईपर्यंत दारात उभे.

क्लेम पास झाला. वाळवायची मशीन तीन आठवडे घरघरत होती, मग नवं छत, नवा कापूस, नवा गालिचा. मे महिन्यात काका शेवटचं बघून गेले. यंत्र सगळीकडं फिरवलं, गप्पच राहिलं. "आता पोरीला इथं झोपव," म्हणाले, आणि निघाले.

आता ओवी दुपारी तिच्याच खोलीत झोपते. मी दारात उभी राहून तिचा श्वास ऐकते, घरघर नाही, काही नाही. काका त्यानंतर आले नाहीत, येतील तरी कशाला? त्यांना बोलवायचं तर घरात परत काहीतरी फुटायला पाहिजे. काही फुटू नये, देवा, काही फुटू नये. पण सहज जाता जाता एकदा तरी यावेत, असं वाटतं. कामावर नसले तर माझ्या हातचा चहा घेतील.