बदलीची पोर आणि वाळवंटातली तळी

मी देश सोडला तेव्हा विमानतळावर रडले नाही, याचं माझ्या सासूबाईंना आजही नवल वाटतं. चारचौघांत त्या "पोरगी धीराची आहे" म्हणतात आणि घरात "दगड आहे" म्हणत असाव्यात, असा माझा दाट संशय आहे. खरं कारण साधं होतं. मला निघायची सवय होती. आमचे आप्पा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. येलदरी, माजलगाव, पैठण आणि मधेमधे नकाशावरही न सापडणारे लहान तलाव. धरण तिथं कॉलनी आणि कॉलनी तिथं आम्ही. जरा कुठं शाळेतली बाई नावानं हाक मारायला लागली की आप्पांच्या बदलीचा हुकूम यायचा आणि दारात ट्रक लागायचा.

त्या निघण्याचं आईनं एक शास्त्रच बसवलं होतं. आधी गाद्यांच्या वळकट्या, मग भांडी, शेवटी देव. देव ट्रकच्या केबिनमध्ये आईच्या मांडीवर बसून प्रवास करायचे. त्याआधी ती रिकामं क्वार्टर स्वतः झाडून-पुसून घ्यायची आणि ओट्याखाली एक माठ काठोकाठ भरून ठेवायची. पुढचं बिऱ्हाड येईल, लेकरं तहानलेली असतील, नळाला पाणी कधी येतं ते त्यांना ठाऊक नसेल, म्हणून. दर बदलीला एक माठ मागं राहतो यावरून आप्पा कुरकुरायचे, पण या बाबतीत त्यांचं काही चालत नसे. नव्या क्वार्टरमध्ये शिरल्यावर आईची नजर आधी ओट्याखाली जायची. तिथं कधीच काही भरलेलं नसायचं. "असू दे, घाईत निघाले असतील," एवढंच म्हणून ती पदर खोचायची.

तिचा दुसरा नियम खिळ्याचा. आमच्या घरात कुणी भिंतीला खिळा मारायचा नाही. "भिंत सरकारची आहे," ती म्हणायची. आधीच्या कुणी मारून ठेवलेला खिळा सापडला तर त्यावर कॅलेंडर लागायचं, नाहीतर ते वर्षभर फळीवर आडवं पडून असायचं. मला चित्रकलेत मिळालेलं प्रशस्तिपत्र तर फ्रेमसकट कपाटाच्या मागेच मोठं झालं.

असं सगळं पाठीशी असल्यावर अमेरिका म्हणजे मला आणखी एक बदली वाटली, फक्त ट्रकच्या जागी विमान. माझा नवरा मिलिंद पुण्याचा. त्याच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी पेठ ओलांडली नव्हती, त्यामुळे विमानात खिडकीला डोकं लावून तोच रडला. आधी शुगर लँडला राहिलो. तिथली दमट हवा अंगाला चिकटायची. मग चँडलरला चिप बनवणाऱ्या एका कंपनीत मला नोकरी मिळाली आणि आम्ही ॲरिझोनात आलो. आईला फोनवर सांगितलं, वाळवंट आहे गं, हातभर उंचीपासून ते तीन मजली उंचीपर्यंतचे निवडुंग आहेत. ती म्हणाली, "ते राहू दे. पाण्याचं काय?"

पाण्याचं काय, ते मी पहिल्याच आठवड्यात नकाशावर शोधलं. शहराच्या भोवती निळे ठिपके दिसले. सग्वारो, कॅन्यन, अपाची, रूझवेल्ट, बार्टलेट, प्लेझंट. ज्याला त्याला 'लेक' म्हणतात, पण यातलं एकही देवानं केलेलं नाही. सगळी धरणं. नदी अडवायची, डोंगराच्या घडीत पाणी साठवायचं आणि ते कालव्यानं शहराला पाजायचं. मी सग्वारोच्या काठावर पहिल्यांदा उभी राहिले, समोर तो सिमेंटचा बांध पाहिला आणि माझ्या तोंडून "आप्पा!" असं निघून गेलं. तेव्हा आप्पांना जाऊन वर्ष झालं होतं.

त्या दिवसापासून मला एक रोगच जडला. शुक्रवार दुपार झाली की पाय वळवळायला लागतात. मीटिंगमध्ये समोर आलेख चाललेले असतात आणि मी मनातल्या मनात कूलर भरत असते. गॅरेजमध्ये एक मोठा प्लॅस्टिकचा डबा आहे. त्यात तंबू, खुंटे, हातोडी, कंदील, कुकर. हो, कुकर. शेजारच्या तंबूतली अमेरिकन मंडळी पहिली शिट्टी ऐकून ताडकन उठून बसतात, मग वास आला की ताटली घेऊन येतात. मिलिंदला मासेमारीचा नाद लागलाय. तो पक्का शाकाहारी. लायसन्स काढून, गळ टाकून, तास-तास बसून बास जातीचे मासे पकडतो, फोटो काढतो, माशाला "सॉरी बरं का" म्हणतो आणि सोडून देतो. आमच्या आईनं हे ऐकल्यावर विचारलं, "मग त्रास कशाला देतो त्याला?"

आमची मुलगी सई इथं आली तेव्हा बालवाडीत होती. आता हायस्कूलमध्ये आहे. तिला या तळ्यांनी वाढवलं, असं म्हणायला हरकत नाही. प्लेझंटच्या काठावरच्या रानगाढवांना ती नावानं ओळखते, म्हणजे नावं तिनंच ठेवलीत. कयाक, म्हणजे ती निमुळती वल्ह्याची होडी, अशी चालवते की जणू पाण्यातच चालायला शिकली. मी मराठीत बोलते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि आमचं उत्तम चालतं. भांडणसुद्धा.

पण घरात मात्र मी आईचीच मुलगी. घर आम्ही विकत घेतलं, भिंती आमच्या, तरी मी एक खिळा मारला नाही. चिकटपट्टीचे हुक मिळतात, ते लावले. उन्हाळ्यात इथं असं काही तापतं की त्या पट्ट्यांचा धीर सुटतो. भर दुपारी धप्पकन आवाज येतो आणि गणपती नाहीतर सासू-सासरे खाली पडलेले असतात. मिलिंद त्यांना उचलून पुन्हा चिकटवतो.

यंदा मार्चमध्ये मला देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या ॲशबर्नमधल्या एका डेटा सेंटरकडून बोलावणं आलं. हुद्दा मोठा, काम नवं. मुलाखत देताना मला जो आनंद झाला तो कामाचा नव्हता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. घरी येऊन मी गॅरेजमधली रिकामी खोकी मोजायला लागले. आयुष्यात कुठल्याही गावात राहिले नाही इतकी या गावात राहिले होते, आणि मला ते अंगावर यायला लागलं होतं. शाळेतल्या बाईच काय, किराणावालाही नावानं हाक मारत होता. मिलिंद म्हणाला, "तू ठरव यार. मी काय, लॅपटॉप उघडेन तिथं माझं ऑफिस." सईला सांगितलं तर तिनं फक्त "ओके" म्हटलं, खोलीत गेली आणि त्यानंतर चार दिवस माझ्याशी शब्द बोलली नाही. सोमवारी होकार कळवायचा होता. मध्ये शनिवार-रविवार होता. मी गाडीत डबा टाकला, टपावर कयाक बांधली आणि रूझवेल्टला निघाले. दोघंही येऊन गाडीत बसली.

रूझवेल्ट या सगळ्यांत मोठं. काठाशी अगदी सपाट जमीन आहे, पास घेतला की पाण्याजवळ कुठंही तंबू ठोकता येतो. आमच्या आधी तिथं कुणी राहून गेलं होतं. दगडांच्या चुलीपाशी त्यांनी उरलेलं सरपण नीट रचून ठेवलं होतं. मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही, कारण मला जागा पसंत नव्हती. मला आणखी पुढं, पाण्याला लागून हवी होती. मिलिंद म्हणाला, "इतकं जवळ नको गं, पाणी वाढलं तर?"

मी हसले. त्याला म्हटलं, अरे, मार्चमध्ये पाणी उतरतं. आभाळ बघ, ढगाचा तुकडा नाही. आमच्याकडे या दिवसांत धरणाचं पाणी मागं सरकायचं आणि उघड्या पडलेल्या गाळात लोक कलिंगडं लावायचे. मी धरणावर वाढलेय, मला पाणी शिकवू नकोस. "बरं, धरणवाल्या बाई," म्हणत त्यानं हातोडी घेतली आणि मी दाखवलं तिथं खुंटे ठोकले. सई दगडावर बसून हे सगळं बघत होती.

सकाळी पायाला गार लागलं म्हणून मी उठले. तंबूच्या दारातून पाणी आत आलं होतं. अगदी सौजन्यानं, आवाज न करता. माझ्या चपला गायब, सईचा एक बूट गायब आणि श्रीखंड-पुऱ्यांसकट आमचा कूलर दूर पाण्यात हेलकावे खात होता. वर आभाळ तसंच निरभ्र. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून त्या आभाळाकडे बघत राहिले, कारण माझ्या हिशोबात हे बसतच नव्हतं.

"स्नो, आई," सई म्हणाली. चार दिवसांतले हे पहिले शब्द. "इट्स मार्च. स्नोमेल्ट." वरच्या डोंगरांवरचा बर्फ उन्हानं वितळतो आणि तळं भरतं. ऊन पडलं की इथं पाणी वाढतं. इतकी वर्षं मी या तळ्यांवर येत होते आणि मनात मात्र माजलगावचंच पाणी घेऊन येत होते.

ती कयाक घेऊन गेली, कूलर ओढून आणला आणि ओल्याच अंगानं माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, हसेल. पण तिनं हातातलं वल्हं खाली टाकलं. म्हणाली, "आई, आजोबांना ऑर्डर यायची. यू टोल्ड मी. बट नोबडी इज मेकिंग यू गो." आणि मग, माझ्याशी भांडताना ती कधी वापरत नाही त्या मराठीत, "मला नाही यायचं."

हे वाक्य मी ओळखलं. माझंच होतं ते. माजलगाव सोडताना मी सईच्याच वयाची होते. गाळपेरीतल्या एका मावशींनी मला कलिंगडाचा एक वेल माझा म्हणून दिला होता, त्याला मुठीएवढं फळ धरलं होतं आणि दारात ट्रक लागला. मी क्वार्टरच्या मागच्या पायरीवर बसून म्हटलं होतं, मला नाही यायचं. आप्पा माझ्याशेजारी बसले. रागावले नाहीत. म्हणाले, "बदलीला नाही म्हणता येत नाही, बाळा." ते खरंच होतं. त्यांच्या हातात काही नव्हतं. त्यानंतर मी कुठल्याही गावाला इतकं जवळ येऊ दिलं नाही की निघताना त्रास होईल.

आणि इथं तर हुकूम काढणारं खातं नव्हतं, साहेब नव्हता. हुकूमही मीच काढत होते आणि ट्रकही मीच मागवत होते. फक्त पायरीवर बसायला या वेळी सई होती. मी तिला जवळ घेतलं, ती भिजलेली, मी भिजलेली, आणि मी रडले. विमानतळावरचं, ट्रकमधलं, सगळं तिथं निघालं. मिलिंद गळ हातात धरून लांब उभा होता. या बाईला रडता येतं हे बघून तो बिचारा घाबरलाच.

निघताना सईनं आमचं उरलेलं सरपण उचललं आणि चुलीपाशी, आधीच्यांनी रचलं होतं तसंच, पुढच्यांसाठी रचून ठेवलं. तिला माठाची गोष्ट मी कधी सांगितलेली नव्हती. आईला आयुष्यभर एकही भरलेला माठ मिळाला नाही आणि आम्हाला मात्र कुणीतरी सरपण ठेवून गेलं होतं, हे मला तेव्हा दिसलं.

सोमवारी मी नकार कळवला. मग आईला फोन केला. ती आता नांदेडला भावाकडे असते. तिला सगळं सांगितलं, कूलरसकट. मोठं काम होतं पण नाही म्हणाले, असं सांगितलं. मग ती हळूच म्हणाली, "नाही म्हणता येतं होय?"

"येतं गं," मी म्हटलं. "बरं केलंस," ती म्हणाली आणि जेवलीस का, भात कोणता लावलास, यावर आली.

हे वाचणाऱ्या माझ्या माणसांनो, तुमच्यातले जे तिकडे मागं राहिलात ते मला दर वेळी विचारता, परत कधी येणार. जे माझ्यासारखे निघालात ते विचारता, तिथं रुळलीस का. माझे पाय अजून वळवळतात आणि ते बहुधा माझ्याबरोबरच थांबतील. फक्त आता मला एक कळलंय. जिथून निघताना कुणीतरी "मला नाही यायचं" म्हणतं, ते घर. मी ते एकदा म्हटलं होतं, पण ते ऐकून थांबायची आप्पांना मुभा नव्हती. मला होती.

त्याच आठवड्यात सईनं तळ्याचा एक फोटो फ्रेम करून आणला. चिकटपट्टी तिला नको होती. "आई, डू वी इव्हन ओन अ हॅमर?" तिनं विचारलं. होती ना. गॅरेजमधल्या डब्यात, तंबूच्या खुंट्यांची. तिनं दिवाणखान्याच्या मधोमध भिंतीवर खिळा धरला. माझ्या तोंडात आलंच होतं, अगं, भिंत सरकारची आहे. मी ते गिळलं. तिसऱ्या घावाला थोडा गिलावा पडला, खिळा वाकडा बसला, पण बसला. आम्ही फोटो लावला, तोही वाकडाच. मग मी हातोडी पुसून पुन्हा डब्यात टाकली. शुक्रवारी लागणार होती.