केटल फोर्कमधली ओली रेघ

आधीच सांगून टाकतो, मी मोजमापाचा माणूस. पुण्यातून सिव्हिल करून अमेरिकेत आलो आणि उभा जन्म जमिनी मोजण्यात घालवला. जे टेपने मोजता येत नाही ते माझ्या लेखी नव्हतंच. या सदरातले अद्भुत अनुभव मी बायकोला वाचून दाखवायचो आणि हसायचो. शेवटी तीच म्हणाली, "दुसऱ्यांना हसतोस, मग तुझं केटल फोर्कचं कधी लिहिणार?" ... तर लिहितो.

१९८४ची गोष्ट. केटल फोर्क – नाव बदललंय – हे आग्नेय ओहायोतलं जेमतेम चारशे वस्तीचं गाव. दोन्हीकडे टेकड्या, मधून घोड्याच्या नालासारखा वळलेला ओढा. गाव वसलं ते मिठामुळे. तिथले झरे खारे, ते पाणी मोठमोठ्या लोखंडी कढयांत आटवून मीठ करायचे, त्या कढयांना 'केटल' म्हणत, म्हणून गावाला ते नाव. मग मिठाचं महत्त्व गेलं, कोळसा आला, कोळशामागे रेल्वे आली, कोळसा संपल्यावर रेल्वेही गेली. मी गेलो तेव्हा स्टेशनात पशुखाद्याचं दुकान होतं आणि गावातला एकमेव सिग्नल दिवसभर पिवळा लुकलुकत असायचा.

हा सगळा इतिहास मला मिस ओपलने सांगितला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची विधवा बाई. गावात मोटेल नव्हतं, म्हणून मोजणीच्या कामापुरती मी तिच्याकडे खोली घेतली. पहिल्या दिवशी तिने वाढलेल्या बीन्समध्ये डुकराच्या मांसाचा तुकडा होता, मी तो बाजूला सारला. दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी वेगळं भांडं चढायला लागलं. एक शब्द न विचारता! परक्या देशात असं कोण करतं हो?

तिच्या परसात एक झरा होता. गावातले सगळे झरे खारे, हा एकटा गोडा. गावचा नळ तिच्या घरापर्यंत पोचलेला नव्हता, त्यामुळे स्वयंपाक, आंघोळ, टोमॅटोचे वाफे, सगळं त्या झऱ्यावर.

आणि शेजारची जमीन क्लाइडची. पशुखाद्याचं दुकान त्याचं, गावच्या कौन्सिलचा अध्यक्ष तो, टेकडीवर नवंकोरं घर त्याचं. मला 'चीफ' म्हणायचा, रेड इंडियनांच्या सरदाराला म्हणतात तसं. "चीफ, तुम्ही कुठले इंडियन? बाणवाले की सापवाले?" हा विनोद त्याने मला निदान वीस वेळा ऐकवला असेल, आणि दर वेळी दुकानातली चार टाळकी हसायची. मीही हसायचो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

त्याला गुरांसाठी तो झरा हवा होता, म्हणून त्याने हद्दीचा वाद काढला. मोजणीचे पैसेही आमच्या कंपनीला तोच देत होता. आता इथे थोडी तांत्रिक गोष्ट सांगावीच लागेल. तिच्या खरेदीखतात हद्द लिहिलेली होती ती पणजोबांच्या काळातली, होकायंत्राने धरलेली. ओढ्याकाठच्या खुणेच्या दगडापासून उत्तरेला इतके अंश. पण होकायंत्राची उत्तर दिशा दर वर्षी कणाकणाने सरकते. जुना कोन आज वापरायचा तर मधल्या वर्षांची दुरुस्ती करावी लागते. हे आमच्या धंद्यातलं पहिलीतलं गणित. नाही केली, तर रेषा आठ अंश फिरते. नऊशे फुटांवर सव्वाशे फूट!

मी दुरुस्ती करून खरी रेषा काढली. झरा निःसंशय ओपलचा. माझा मालक हँक कागदाकडे न बघताच म्हणाला, "खतात लिहिलाय तोच आकडा घे. दुरुस्ती नको."

"पण हँक, ते चूक आहे."

"तुझ्या ग्रीन कार्डच्या फाइलवर सही कोणाची आहे रे?"

त्या रात्री कोलंबसला नंदूला फोन केला. नागपूरचा माझा मित्र. तो म्हणाला, "अबे यार, कार्ड हातात येऊ दे आधी. नंतर हो हरिश्चंद्र." मी चुकीचा नकाशा काढला. हँकने शिक्का मारला. खऱ्या रेषेचं गणित फक्त माझ्या वहीत राहिलं. ते मी कोणालाही दाखवलं नाही – नंदूलासुद्धा.

आमच्याकडे भाऊबंदांचा बांध कोरणाऱ्याला काय काय म्हणतात ते मला पाठ होतं. आता मीच बांध कोरला होता, पेन्सिलीने.

कोर्टात नकाशा मान्य झाला. झरा क्लाइडच्या कुंपणात गेला. पाण्याविना घर राहण्याजोगं नाही म्हणून काउंटीने ओपलला चाळीस मैलांवरच्या वृद्धाश्रमात हलवलं. तिच्या पेट्या मीच गाडीत ठेवल्या. तिला माझा संशयसुद्धा आला नाही. "तू तरी काय करणार, हनी," असं म्हणाली. त्या क्षणापासून मी क्लाइडचं वाईट चिंतायला लागलो, अगदी मनापासून, सकाळ-संध्याकाळ. त्याचं वाटोळं व्हावं, एवढीच इच्छा.

पुढच्या मार्चमध्ये, आम्ही रस्त्याच्या मोजणीसाठी पुन्हा गावात असताना, गोडा झरा आटला. आणि क्लाइडच्या कुरणात एक ओली रेघ उमटली.

दुपारी बाराच्या लख्ख उन्हात मी ती पाहिली. फूटभर रुंद. आखून काढल्यासारखी सरळ. दोन्ही बाजूंची माती कोरडी ठणठणीत आणि मध्ये हे झिरपणारं पाणी... चाखून पाहिलं, गोडं! खुणेच्या दगडापासून निघून ती रेघ टेकडी चढत होती. परत वाचा – चढत होती. वर रस्ता ओलांडून थेट क्लाइडच्या नव्या घरात, दिवाणखान्याच्या कार्पेटमधून, पलीकडच्या भिंतीतून बाहेर.

मी ट्रान्झिट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, लावून कोन मोजला. तीनदा मोजला. माझ्या वहीतला कोन. दुरुस्तीसकट! जो माझ्याशिवाय जगात कुणाला ठाऊक नव्हता, तोच.

क्लाइडने कार्पेट उपटलं, फरशी फोडली, पंप बसवले. पाणी बोटभरही इकडेतिकडे सरकलं नाही. घराचा पाया खचायला लागला. एप्रिलच्या सुरुवातीला तो आमच्या गावातल्या तात्पुरत्या ऑफिसात आला. टोपी हातात. 'चीफ' नाही, बाण नाही, साप नाही.

"तुम्ही मोजणी केली होती," तो म्हणाला. "बायको म्हणते, ही म्हातारीची रेषा आहे. खरी हद्द दाखवा. मी सगळं तिच्या नावावर परत करतो. सही करतो, आत्ता."

खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांचं पारणं फिटलं. मी शांतपणे नकाशा उलगडला. "हद्द बरोबरच आहे, सर. कोर्टानेसुद्धा मान्य केलीय की."

तो आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा मी तेच म्हणालो. रोज जेवणाच्या सुटीत गाडी त्याच्या घरासमोरून न्यायचो आणि भिंतीची भेग किती वाढली ते बघायचो. इतका रुचकर डबा मी आयुष्यात खाल्ला नाही.

मग एका रविवारी दुपारी ही मेजवानी ओपलला वाढायला गेलो. तिखटमीठ लावून सगळं सांगितलं – माझा गुन्हासुद्धा. ती खिडकीशी खुर्चीत बसून ऐकत होती. कार्पेटचं ऐकून थोडीशी हसली. नकाशाचं ऐकताना मांडीवरची शाल नीट केली.

मग म्हणाली, "म्हणजे तो परत द्यायला तयार आहे?"

"गयावया करतोय!"

"मग सांगितलंस ना त्याला? मी घरी कधी जायचं?"

मी टेबलावरचा जग उचलून तिच्या पेल्यात पाणी ओतायला लागलो.

"कधी आला होता तो?"

"तीन आठवडे झाले," मी म्हणालो.

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. "टोमॅटोची रोपं करायचे दिवस गेले मग," एवढंच म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी मी हँकला वही दाखवली आणि म्हटलं, फाइल फाडायची तर फाड. त्याने फाडली नाही, त्या रेघेला तोही घाबरला होता. दुपारी क्लाइडच्या समोर खऱ्या हद्दीवर लोखंडी खुंट ठोकला. संध्याकाळी पाचपर्यंत रेघ सुकली. तिच्या जागी नुसती धूळ होती. चार दिवसांत झरा भरला.

कागदपत्रांना नऊ दिवस लागले. ओपल सातव्या दिवशी गेली. झोपेत, असं तिथली नर्स म्हणाली.

युनिव्हर्सिटीतल्या एका भूगर्भवाल्याला मी नंतर सगळी मापं दाखवली होती. तो म्हणाला, पाणी असं चालत नाही. मलाही ते माहीत आहे. ते का आलं, कोणी आणलं, चढावर कसं गेलं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर कळवा.

फक्त मी तीन आठवडे गप्प का बसलो, ते विचारू नका. ते मला नीट माहीत आहे.