टाकीखालची नावे

निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण मालवणातल्या एका मोटारसायकलीचे प्रकरण अजून माझ्या मनातून जात नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तिथे फौजदार होतो.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदार स्टेशन डायरी उघडून बसला होता, तेवढ्यात एक गृहस्थ लंगडत आत आले. आगबोटीवर इंजिनखात्यात नोकरी करून गावी परतलेले. बांद्याच्या बाजारात एका दलालाकडून त्यांनी साडेतीनशे सीसीची जुनी मोटारसायकल घेतली होती. लांबच्या प्रवासासाठी कुणीतरी हौसेने बनवून घेतलेली. टाकी नेहमीच्या दीडपट मोठी, मागे दोन्ही अंगांना लोखंडी पेट्या. पण त्यांचा गुडघा धरला, किक मारवेना, म्हणून त्यांनी ती विकायला काढली. आदल्या दिवशी दुपारी एक गिऱ्हाईक आले होते.

"चक्कर मारून येतंय, असा तो म्हणालो नि गेलो तो गेलोच, साहेब."

"नाव, पत्ता विचारला नाही?"

"चांगलो शिकलेलो दिसा होतो. आणि ह्या काढून ठेवल्यान. मी मागूक नाय." त्यांनी टेबलावर एक मनगटी घड्याळ ठेवले.

चालू स्थितीतले, चांगल्या बनावटीचे घड्याळ. मी फिर्याद नोंदवली, शेजारच्या ठाण्यांना बिनतारी संदेश दिला. पण माझी नजर पुन्हा पुन्हा त्या घड्याळाकडे जात होती. पळून जाणारा माणूस न मागता तारण कशाला ठेवील?

दुसऱ्या दिवशी खबर मिळाली ती एसटीच्या एका वाहकाकडून. तळेऱ्याच्या नाक्यावर एका गॅरेजसमोर तशी गाडी त्याने पाहिली होती, आणि शेजारी बाकावर एक माणूस नुसता बसून होता. मी त्या हद्दीतल्या ठाण्याला कळवले आणि दोन शिपाई घेऊन जीप काढली. आम्ही पोहोचलो तेव्हाही तो बाकावरच होता. चाळिशीचा, स्वच्छ पांढरा सदरा. आम्हाला पाहून उठून उभा राहिला.

"मिस्त्री कोल्हापूरला गेलाय," तो म्हणाला. "तो येईपर्यंत थांबता आलं असतं तर बरं झालं असतं."

गाडी ताब्यात घेतली, त्याला ठाण्यात आणले. तो एका गावच्या शाळेत चित्रकला शिकवणारा मास्तर निघाला. मी नेहमीच्या पद्धतीने दरडावून सुरुवात केली. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "साहेब, गाडी माझीच आहे. दीड वर्षापूर्वी चोरीला गेली. तेव्हापासून कुठे जुनी मोठी गाडी विकायला आहे असं कानावर आलं, की मी बघायला जातो."

"मग बघताक्षणी का नाही सांगितलंत?"

"ओळखू आली नाही. माझी काळी होती, ही तांबडी. टाकी बघून संशय आला, पण तशी टाकी दुसरा कुणीही करून घेईल. समुद्राकडच्या रस्त्याला लागलो आणि तिसरा गिअर टाकला. माझ्या गाडीचा तिसरा गिअर दोनदा दाबावा लागतो. हिचाही लागला. पायाला ओळख पटली. मग मला मागे वळवेना."

टाकी ज्याने बनवली तो मिस्त्री तळेऱ्याचा. त्याची साक्ष मिळेल म्हणून मास्तर थेट तिकडे गेला होता.

फिर्यादी तिथेच बसले होते. ते उखडले. "खोटा बोलता हा! माझ्याकडे कागद आसत." मग मान खाली घालून म्हणाले, "गिअराचा मात्र खरा आसा. माकाय दोनदा दाबूचो लागता."

त्या एका वाक्याने मला फिर्यादीबद्दल आदर वाटला. पण कागद खरोखरच त्यांच्या बाजूने होते, इंजिनावरचा नंबर जुळत होता. मास्तरचे कागद गाडीच्या पेटीतच होते, ते तिच्याबरोबर गेले.

"चोरी झाली तेव्हा पोलिसांत का नाही गेलात?"

"गेलो होतो. साहेब म्हणाले, आधी कागद घेऊन या."

ते ठाणे माझे नव्हते. पण हेच वाक्य मी स्वतः कितीतरी लोकांना ऐकवले होते. मी पाणी मागवले आणि आवाज खाली आणला.

"तुमचीच आहे हे दुसऱ्या कशावरून सांगाल?"

"मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्यावरून रामेश्वरला गेलो होतो. जिथे मुक्काम केला, त्या गावाचं नाव टाकीच्या खालच्या बाजूला कंपासच्या टोकाने कोरलंय. रंग देणारा टाकी काढत नाही, वरवर मारतो."

मी त्याच्यापुढे कागद ठेवला. त्याने बेळगावपासून रामेश्वरपर्यंत अकरा नावे क्रमाने लिहिली. मग दोन पंच बोलावले आणि ठाण्याच्या आवारात टाकी उतरवून उलटी केली. खाली जुना काळा रंग तसाच होता. त्यात बारीक अक्षरे होती आणि अक्षरांत गंज बसला होता. अकराही नावे त्याच क्रमाने. आणि त्यांच्याखाली, वेगळ्या वळणाचे, एक बारावे: 'घर'.

"हे काय?" मी विचारले.

मास्तर वाकून बघत राहिला. "हे मी लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

"दोन दिवस गाडी तेच्याकडेच होती. तेनाच कोरल्यान असात," फिर्यादी म्हणाले. शंका रास्त होती, पण दोन दिवसांत असा गंज धरत नाही. आणि स्वतः कोरणारा बाराव्या शब्दापाशी असा गोंधळला नसता.

मास्तरला आतल्या खोलीत बसवून मी त्याच्या बायकोला आणायला माणूस पाठवला. कशासाठी, हे तिला सांगायचे नाही अशी ताकीद दिली. ती आली ती घाबरलेली. नवऱ्याची भेट होण्याआधी, पंचांसमोर मी विचारले, "बाई, गाडीच्या टाकीखाली काय आहे, ठाऊक आहे?"

"गावांची नावां. त्येंनी कोरलेली."

"आणखी काही?"

तिने पदर सारखा केला. "एक शब्द मी घातलंय. ते परत इले तेव्हा गाडी धुवूक आडवी घातलेली, ते जेवूक बसलेले. त्येंका सांगूक नाय. म्हटलंय, कधीतरी बघतले."

"कुठला शब्द?"

"घर," ती म्हणाली.

पंच एकमेकांकडे बघू लागले. ठाणे अंमलदाराने लिहिता लिहिता लेखणी थांबवली. खोलीच्या दारात मास्तर उभा होता. शिपायाने त्याला अडवले नव्हते, मीही अडवले नाही.

पुढे आरटीओच्या निरीक्षकाने सांगाड्यावरचे आणि इंजिनावरचे नंबर घासून नवे ठोकल्याचे दाखवले. बांद्याचा दलाल सापडला, आणि त्याच्याविरुद्ध सर्वांत तपशीलवार जबाब आमच्या फिर्यादींनीच दिला. गाडी गेली याचे त्यांना दुःख होते, ते त्यांनी लपवले नाही. आपली वस्तू समजून प्रामाणिकपणे नेली तर ती चोरी होत नाही, म्हणून मास्तरविरुद्धच्या गुन्ह्यात मी 'क' समरीचा, म्हणजे गुन्हा गैरसमजातून नोंदला गेल्याचा, अहवाल पाठवला. न्यायालयाच्या हुकमाने गाडी त्याच्या ताब्यात गेली.

मला मात्र या प्रकरणाने एक सवय लावली. कुणी रिकाम्या हाताने आले, की 'कागद आणा' म्हणण्याआधी मी खुर्ची द्यायचो आणि विचारायचो, तुमची वस्तू तुम्ही कशी ओळखाल? उत्तरे ऐकताना मी चकित व्हायचो. पुढे एका ठाण्यात एक म्हातारी आली. तिची तांब्याची कळशी कुणीतरी नेली होती. जप्तीतल्या पाच कळशा मी तिच्यापुढे मांडल्या. तिने डोळे मिटले, एकेकीच्या काठावरून हात फिरवला आणि चौथी उचलून कडेवर घेतली.

कागद तिच्याकडेही नव्हता. मी फिर्याद लिहायला घेतली.