पूजेला बसलेला एक्सल

आमच्या ह्यांना माणसाच्या आधी मशीनचा आवाज ऐकू येतो. मी स्वयंपाकघरातनं चार हाका मारल्या तरी ओ न्हाय. पण रस्त्यानं कुणाचा ट्रॅक्टर खोकत गेला की जेवता जेवता मान वर! "परशरामचा हाय. फिल्टर घाण झालाय." बास, एवढं बोलायचं आणि परत ताटात बघायचं. भाजीत मीठ पडलंय का न्हाय, ते मात्र ताट संपलं तरी कळत न्हाय. नाव घ्यायचं तर यल्लाप्पा. सांबऱ्यात राहायचं, सकाळी शेतात हात फिरवायचा आणि मग मच्छेला कारखान्यात जाऊन लेथवर उभं राहायचं, असं ह्या माणसाचं आयुष्य गेलं. रागावलेलं मी तरी बघितलं न्हाय. रागाचा दोघांचा वाटा मीच उचलते म्हणा.

लेथशी हे कानडीत बोलतात. घरात मराठी, देवाशी मराठी, मशीनशी कानडी. जड काम असलं की "बा, बा, सावकाश" म्हणत हळूहळू पुढं सरकवायचं. 'बा' म्हणजे कानडीत ये. कारखान्यात लागलेली सवय, आता घरच्या गाडीशी पण तसंच बोलतात.

गाडी म्हणजे जुनी पांढरी मारुती. दुसऱ्यानं वापरून सोडलेली, आमच्या दिपालीपेक्षा वयानं मोठी. दिपाली तिला थोरली बहीणच म्हणायची. तिचं मागचं दार आतनं उघडत न्हाय. कुणीतरी बाहेर उतरून उघडावं लागतं, आणि मागं कायम मी बसलेली असते.

ह्या गाडीनं आमचं नाक कापलं ते दिपालीच्या लग्नात. पोरगी निघायच्या वेळेला बॅटरीनं मान टाकली. व्याही आण्णाप्पा लई सज्जन माणूस, त्यांनी लगेच आपली गाडी पुढं घेतली. पोरगी निपाणीला गेली ती सासरच्या गाडीतनं, आणि हे मांडवात बॉनेट उघडून उभे. लोक पोरीला निरोप द्यायचं सोडून ह्यांना विचारायला लागले, धक्का मारूया काय म्हणून! शेवटी हे काळ्या हातानं तसेच पळत तिच्या खिडकीशी गेले आणि म्हणाले, "दिपा, न्यायला मी येतो. आपल्याच गाडीतनं." पोरीनं रडत मान हलवली.

त्यानंतर सणासुदीला ती आली, पण दर वेळी जावई युवराज आणून सोडायचा. ह्यांचा नंबरच लागला न्हाय. बोलले कधी न्हाईत, पण मला कळायचं. जावयाची गाडी दारात आली की आमचे हे हसत पुढं व्हायचे आणि हात मात्र आमच्या मारुतीच्या टपावर ठेवायचे.

यंदा दिपालीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि न्यायला माहेरानंच यायचं. नवरात्रात व्याह्यांचा फोन आला. "दसऱ्याचा दिवस चांगला हाय, पोरीला घेऊन जावा. आणि यल्लाप्पा, रस्ता लांबचा, म्हणत असाल तर आमची गाडी सोडतो की." चांगल्या मनानंच बोलले ते. ह्यांनी फोनवर हसून "न्हाय न्हाय, मी येतो की" म्हटलं, फोन ठेवला आणि टॉर्च घेऊन थेट गाडीखाली शिरले.

थोड्या वेळानं खालनं आवाज आला, "जया, बूट फाटलाय गं."

इंजिनाकडनं पुढच्या चाकाकडं एक लोखंडी दांडा जातो, त्याला एक्सल म्हणतात. त्याच्या सांध्यात ग्रीस भरतात आणि वरनं रबराची घड्याघड्यांची पिशवी चढवतात, तोच बूट. तो फाटला की ग्रीस बाहेर आणि धूळ आत. मग वळणावर कटकट वाजायला लागतं, आणि तसंच दामटलं तर एखाद्या दिवशी गाडी रस्त्यातच बसते. हे सगळं मला ह्यांनी भाकरी थापताना समजावलं. मी म्हटलं, पोटुशी पोरगी आणि रस्त्यात गाडी बसली म्हणजे? तसे उठून गॅरेजवाल्याकडं गेले.

गॅरेजवाला म्हणाला, सगळा एक्सलच बदला. ह्यांना ते पटलं न्हाय. "अजून वाजत न्हाय. सांधा धडधाकट हाय. चप्पल तुटली म्हणून कोण पाय बदलतं काय?" दोन्ही बाजूंचे बूट आणि ग्रीसच्या पिशव्या घेऊन आले. डावीकडचा फाटलेला आधी, उजवीकडचा सवडीनं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी रजा टाकली आणि अंगणात काम मांडलं. जॅक लावला, चाकामागं दगड ठेवला, चाक काढलं आणि "बा, बा" करत तो दांडा बाहेर ओढला. इतका खूश माणूस मी दिवाळीत पण बघितला न्हाय. सांधा डिझेलनं धुतला, पुसला, नवं काळं ग्रीस बोटानं आत दाबून भरलं. संध्याकाळी लक्षात आलं, आत बसणारी रिंग चढवायची पक्कड घरात न्हाय. परशरामकडं हाय. "सकाळी आणतो. तासाभराचं काम राहिलंय," असं म्हणून एक्सल फडक्यात गुंडाळून कट्ट्यावर ठेवला.

"उद्या खंडेनवमी हाय, ध्यानात हाय न्हवं?" मी म्हटलं.

"पूजेच्या आधी उरकतो की."

आता आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई यशोदाबाई. घरातलं लोखंड त्यांच्या हाताखालनं गेल्याबिगर खंडेनवमीच्या पूजेला बसत न्हाय. विळा, कोयता, कुऱ्हाड, फाळ, पोराचे पाने, सगळं राख आणि काथ्या घेऊन नळाखाली घासायचं. एकदा हळदकुंकू लागलं, फूल पडलं, की दसऱ्याला पूजा उठवेपर्यंत कुणी बोट लावायचं न्हाय. हे कारखान्यात पण तसंच वागतात. मशीनला हार घातला की बटन दाबायचं न्हाय.

सकाळी हे परशरामकडं गेले. परशराम चहा पाजल्याबिगर सोडतोय होय! मी आत पुरण वाटत होते. बाहेर येऊन बघते तर कट्ट्यावर पूजा मांडून, नारळ फोडून झालेला. फाळाच्या शेजारी, पान्यांच्या मधोमध, आमचा एक्सल. चांदीसारखा लखलखीत. सांध्यावर कुंकू आणि वर झेंडूचं फूल!

तेवढ्यात हे पक्कड घेऊन दारात आले. आत्या कौतुकानं म्हणाल्या, "येल्लू, किती घाण ठेवलीतीस रं त्या दांड्यात! बोट घालून घालून काढलं काळं. दोनदा पाणी मारलं, तवा कुठं पूजेसारखा झाला."

हे कट्ट्यापर्यंत आले. पायरीवर बसले, पक्कड मांडीवर. ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ओरडायचं माहीतच न्हाय. मग मीच तोंड सोडलं. "आहो आत्या, घाण न्हवती ती! मुद्दाम भरलेलं ग्रीस होतं! उद्या दिपालीला कसं आणायचं आता?"

आत्यांचा चेहरा एवढासा झाला. हातातली आरती तशीच धरून उभ्या राहिल्या.

"आईला काय बोलू नकोस," हे म्हणाले. "काळं दिसलं, धुतलं. सणाला घर धुवायचं सोडतीस काय तू?"

"मग घ्या की उचलून आणि भरा परत!"

"फूल पडलंय जया." मग हळूच म्हणाले, "आत पाणी राहिलंय. उद्यापर्यंत सांध्यातल्या लोखंडी गोळ्यांवर गंज धरतो. गंजला की संपलं."

मी म्हटलं, जाऊ दे तो हट्ट, व्याह्यांना फोन करा, त्यांची गाडी येऊ दे. पोरगी घरी आल्याशी मतलब. त्यावर ह्यांनी माझ्याकडं बघितलं ना, मांडवात बॉनेटमागनं बघितलं होतं अगदी तसंच. मला बोलल्याचं लई वाईट वाटलं. मी आत गेले आणि उगीच पुरण परत वाटायला घेतलं.

थोड्या वेळानं आत्यांचा आवाज आला. "येल्लू, गाडीची पूजा केलास काय?"

"न्हाय अजून."

"करणार कशी? पाय काढून ठेवल्याल्या गाडीची? भंगलेल्या मूर्तीला कोण फूल वाहतं काय?"

मी दारात आले. जॅकवर तिरक्या उभ्या असलेल्या गाडीकडं आत्या बघत होत्या. मग पूजेपाशी गेल्या, सांध्यावरचं फूल काढून डोळ्याला लावलं आणि म्हणाल्या, "हे हत्यार न्हवं. गाडीचं अंग हाय हे. मीच चुकून हत्यारात बसवलं. मीच उठवते." त्या वयात तो जड दांडा दोन्ही हातांनी उचलला आणि पोराच्या मांडीवर ठेवला.

ह्यांनी दांडा दोन्ही हातांनी धरला. "आणि पाने, आई?"

"पाने हत्यारच, ती पक्कड पण. त्यास्नी उद्यापर्यंत शिवायचं न्हाय. हात हाईत की तुला. हातास्नी कुठं पूजेला बसवलंय?"

मग काय विचारता! सण राहिला बाजूला. दांडा उन्हात धरला, फडक्याच्या चिंध्या करून आतलं पाणी टिपलं. मी दिपालीचं केस वाळवायचं जुनं मशीन शोधून आणलं. ते चालतंय का, म्हणून आत्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "ते प्लास्टिक, त्याला कोण विचारतंय!" सांधा ठणठणीत वाळला. गंजाचा ठिपका न्हाय. उजव्या बाजूसाठी आणलेली ग्रीसची पिशवी ह्यांनी फोडली, तर आत्यांनी हात पुढं केला. "आण हिकडं. बैलगाडीला वंगण मीच घालत होते." दोघं मायलेक कट्ट्यावर बसून बोटानं ग्रीस भरत होती. आत्यांची बोटं कोपऱ्याकोपऱ्यात जात होती, आणि हे "बा, बा" म्हणत वरनं रबराचा बूट ओढत होते. मी दोघांना पुरणपोळी भरवली, कारण हात कुणाचेच जेवायजोगे राहिले न्हवते. एवढा चांगला सण आमच्या घरात झाला न्हवता, खरं सांगते.

दसऱ्याला उजाडायच्या आधी आत्यांनी आंघोळ करून पूजा उठवली आणि एकेक पाना आपल्या हातानं ह्यांना दिला. रिंग चढली, पट्ट्या आवळल्या, एक्सल जागेवर बसला, चाक लागलं. शाळेपुढच्या मोकळ्या जागेत ह्यांनी स्टिअरिंग पार वळवून गाडी गोल गोल फिरवली. कटकट न्हाय, काय न्हाय.

मी लिंबं आणि हळदकुंकू घेऊन आले, तर आत्यांनी हात धरला. "आता नको. रिकाम्या गाडीची पूजा काय करायची? घेऊन या तिला."

निपाणीत व्याह्यांच्या दारात त्यांची नवी गाडी हार घालून उभी होती. आण्णाप्पा हसत पुढं आले. "आली की हो यल्लाप्पा, गाडी निपाणीपर्यंत!"

"आली तशी जाईल पण," हे म्हणाले.

दिपाली बाहेर आली. पोट सांभाळत गाडीपाशी आली आणि सासू, सासरे, नवरा सगळ्यांच्या समोर मारुतीच्या टपावर हात ठेवून उभी राहिली. मग पुढच्या शिटावर बापाच्या शेजारी बसली. मी आपली मागं, न उघडणाऱ्या दाराशी.

तवंदी घाटात प्रत्येक वळणाला हे खिडकीबाहेर मान काढायचे. "आप्पा, काच वर करा की. वारं लागतंय," दिपाली म्हणाली.

"थांब, ऐकूलोय."

"काय ऐकूलाय?"

"काय वाजतंय का ते."

"मग? वाजतंय?"

"न्हाय." आणि एवढे हसले की मला मागनं त्यांचे कान हललेले दिसले. काच वर केली. दिपालीला झोप लागली ती सांबरा येईपर्यंत.

दारात आत्या तांब्या घेऊन उभ्याच. दिपाली उतरायला लागली तर ओरडल्या, "उतरू नकोस! बस तशीच." तिच्यावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग चाकांना पाणी, बॉनेटला हळदकुंकू, हार. राहिलेली पूजा अशी पोरीला आत बसवून केली. नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि म्हणाल्या, "हं, घे येल्लू पुढं."

ह्यांनी गिअर टाकला, पण गाडी हलेना. बघते तर डोळ्यांतनं धारा लागलेल्या. लग्नात रडायला सवड मिळाली न्हवती, ते सगळं आत्ता. दिपालीनं त्यांचा काळा हात घेतला आणि आपल्या पोटावर ठेवला.

"लाथ मारतंय, आप्पा. बघा."

हे ऐकत राहिले. मशीन ऐकतात तसे, मान वाकडी करून. मग पोटाकडं वाकून हळूच म्हणाले, "बा, बा. सावकाश."

मी मागं अडकलेली. एरवी दार उघडा म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं. आज मी गप्प बसून राहिले.